निळूभाऊंचा हिंदुराव

(दौंड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या रेल्वे कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या, पोलीस लाइनीतल्या पोरांना स्टेजवर उभं केलं. त्यातलं एखादंच पोर पुढं नाटकाकडं गेलं असेल. पण चार माणसांसमोर न घाबरता बोलायला सगळी शिकली. नाटकावर प्रेम असलेल्या माणसाच्या स्मृतीला एका नटाची गोष्ट सांगावी असं मला वाटलं. तो नट म्हणजे निळू फुले. पडद्यावर जवळजवळ चाळीस वर्षं आणि अडीचशेच्या आसपास चित्रपट, असा हा प्रवास आहे. तो सगळा एका संध्याकाळी मांडणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. मी मुख्यतः एका भूमिकेबद्दल बोलणार आहे. तिच्याकडं जाणारा रस्ता आणि तिच्यापासून निघालेला रस्ता, दोन्ही थोडेथोडे दाखवणार आहे.

ती भूमिका 'सामना'मधल्या हिंदुराव धोंडे पाटलाची. दौंडमध्ये उभं राहून याच भूमिकेबद्दल बोलायचं एक सरळ कारण आहे. 'सामना' ज्यांनी दिग्दर्शित केला ते डॉ. जब्बार पटेल इथं, आपल्या दौंडमध्ये, लहान मुलांचे डॉक्टर म्हणून काम करत होते. सोबत त्यांच्या डॉक्टर पत्नीही होत्या. दिवसा दवाखाना करायचा आणि तालमीसाठी पुण्याची गाडी पकडायची, असा त्यांचा क्रम होता. 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात उभं राहिलं, त्या नाटकाचा दिग्दर्शक हा आपला दौंडचा डॉक्टर. आणि त्यांचा पहिला चित्रपट 'सामना', १९७४ चा. गावाच्या इतिहासात आपण जंक्शन सांगतो, भीमा नदी सांगतो, भीमथडीची घोडी सांगतो. त्या ओळीत 'सामना'चा दिग्दर्शकही सांगितला पाहिजे. आपण तो सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता निळूभाऊंकडं येतो.

निळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० चा, पुण्यातला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण झालं आणि पोरगं वयाच्या सतराव्या वर्षी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागलं. पगार ऐंशी रुपये. त्यातले दहा रुपये ते दरमहा राष्ट्र सेवा दलाला देत. ऐंशीतले दहा म्हणजे आठवा हिस्सा, आणि तो देणारा मुलगा अशा घरातला की जिथं प्रत्येक रुपयाला दहा वाटा फुटलेल्या असतात. पुढं या माणसानं पैशाचं काय केलं ते मी नंतर सांगणार आहे. त्याची सुरुवात या दहा रुपयांत आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

सेवा दल १९४१ चं, साने गुरुजींच्या पिढीचं. त्याच्या कलापथकानं महाराष्ट्राला किती माणसं दिली याची मोजदाद कुणीतरी नीट करायला हवी. वसंत बापट, लीलाधर हेगडे, दादा कोंडके, राम नगरकर, निळू फुले. एका संघटनेच्या पथकातून कवी निघाला, शाहीर निघाला, विनोदवीर निघाले आणि खलनायकही निघाला. पथकाची पद्धत साधी होती. तमाशाचा साचा घ्यायचा, गण, गवळण, बतावणी, वग या क्रमाला धक्का लावायचा नाही आणि त्यात आजचा विषय भरायचा. गावातल्या माणसाला पुस्तकातून जे पोचत नव्हतं, ते वगातून पोचायचं.

१९५७ च्या निवडणुकीच्या वेळी निळूभाऊंनी स्वतः एक वग लिहिला, 'येरा गबाळ्याचे काम नोहे'. नंतर पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये त्यांनी रोंगेची भूमिका केली. म्हणजे चित्रपटात पुढारी म्हणून दिसण्याच्या दहा-बारा वर्षं आधीपासून हा माणूस पुढाऱ्यांचं निरीक्षण करत होता. तो सभांना जात होता, प्रचाराच्या गाडीत बसत होता. पुढारी कसा खाकरतो, कुणाच्या खांद्यावर हात ठेवतो, कुणाकडं बघतच नाही, हे त्यानं कार्यकर्ता म्हणून पाहिलं होतं.

मग शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' आलं आणि निळू फुले हे नाव लोकनाट्याच्या प्रेक्षकांना पाठ झालं. दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना तिथं हेरलं. 'एक गाव बारा भानगडी' या १९६८ च्या चित्रपटात झेलेअण्णाची भूमिका मिळाली. वय अडतीस. आजच्या हिशेबानं अडतिसाव्या वर्षी पहिला चित्रपट म्हणजे फारच उशीर. पण मला वाटतं तो उशीर त्यांच्या कामी आला. पडद्यावर आले तेव्हा त्यांच्यापाशी वीस वर्षांचा माणसांचा साठा होता.

आपल्या तालुक्यात चौफुल्याला संगीतबारी आहे, तिकडं जुन्नर तालुक्यात नारायणगाव तमाशाची पंढरी. त्यामुळं इथल्या प्रेक्षकाला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. बतावणीत नटाचं सगळं भांडवल थांबण्यात असतं. समोरच्याचं वाक्य संपलं की सोंगाड्या लगेच उत्तर देत नाही. तो आधी प्रेक्षकांकडं बघतो, मग वाक्याकडं वळतो. तेवढ्या वेळात फडात हशा तयार होतो. निळूभाऊंनी ही थांबायची विद्या जशीच्या तशी चित्रपटात आणली, पण तिचं फळ बदलून टाकलं. त्यांचा पाटील प्रश्न ऐकून थांबतो, तेव्हा समोरच्या गरिबाच्या पोटात गोळा येतो. क्लृप्ती तीच, पण फडात जिथं हसू यायचं तिथं आता भीती उभी राहते.

दुसरी गोष्ट आवाजाची. लोकनाट्यात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागतो. त्यात वाढलेले नट कॅमेऱ्यासमोरही ओरडत राहतात. निळूभाऊंनी आवाज खाली आणला. तो जाडसर, घशात रेंगाळणारा, शब्दाचं शेपूट लांबवणारा आवाज महाराष्ट्रातल्या प्रत्येक नकलाकारानं काढून पाहिला आहे. नकलाकाराला सूर सापडतो, त्या आवाजातली निश्चिंती सापडत नाही. माझं सगळेजण ऐकणारच आहेत, मग मी वर का चढवू, अशी ती निश्चिंती आहे. ज्यांच्या हातात गाव असतं ती माणसं हळू बोलतात, हे त्यांनी ओळखलं होतं. गावच्या ग्रामसभेत बसलेल्या कुणालाही हे पटेल.

या सगळ्याला १९७२ साली आणखी एक वळण लागलं. विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंग यांनी रंगमंचावर आणलं आणि सखाराम म्हणून निळू फुले उभे राहिले. चंपाच्या भूमिकेत लालन सारंग, लक्ष्मीच्या भूमिकेत कुसुम कुलकर्णी. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, शिव्या देणारा, मृदंग वाजवणारा हा पुस्तकबांधणीवाला माणूस शहरी मराठी रंगभूमीला पचला नाही. सेन्सॉरनं अडवलं, सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातलं इतकंच सांगायचं आहे की तेंडुलकरांना अशा माणसासाठी तालमीतून घडवलेलं सभ्य मराठी नको होतं. लोकनाट्यातून आलेल्या, माळीकाम केलेल्या नटाच्या अंगातच सखारामचं उठणं-बसणं होतं. आणि निळूभाऊंना या नाटकानं एक दिलं. वाईट माणूस हा आतून अख्खा माणूस असतो, त्याला स्वतःचा हिशेब असतो, स्वतःची नीतीसुद्धा असते, हे त्यांनी रोज रात्री जगून पाहिलं. त्याच तेंडुलकरांनी पुढं 'सामना'ची पटकथा लिहिली.

'सामना'ची निर्मिती कवी रामदास फुटाणे यांची. चित्रकला शिक्षक असलेल्या माणसानं काढलेला हा चित्रपट. दिग्दर्शक लहान मुलांचे डॉक्टर. मास्तरच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, कान-नाक-घशाचे शल्यविशारद, १९६९ मध्ये व्यवसाय सोडून पूर्णवेळ नाटकात उतरलेले. मारुती कांबळेच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे, मनोविकारतज्ज्ञ. आणि या डॉक्टरांच्या मधोमध वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत काम केलेला माळी. माझ्या मते चित्रपटाचं सगळं ओझं त्याच्या खांद्यावर आहे. डॉ. लागूंचा मास्तर थोर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण मास्तर हा प्रश्न विचारणारा आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूनं प्रेक्षक आपोआप जातो. हिंदुरावच्या बाजूनं प्रेक्षकाला नेणं अवघड होतं आणि निळूभाऊंनी ते करून दाखवलं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. कारखाना त्याचा, गाव त्याचं, माणसं त्याची. त्याच्या गावात एक दारुडा, भटका, कधीकाळी स्वातंत्र्यासाठी झटलेला मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला हाकलून देत नाही. घरी नेतो, ठेवून घेतो, प्यायला देतो, आपला पसारा हौसेनं दाखवतो. आणि मास्तरच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. लष्करातून परतलेला, गावात प्रश्न विचारणारा माणूस. तो नाहीसा झालेला आहे. त्याचं काय झालं, एवढंच मास्तर विचारत राहतो, आणि तो प्रश्न हिंदुरावच्या साम्राज्याला भेग पाडतो.

या गोष्टीत सरधोपट नटानं काय केलं असतं? मिशा पिळल्या असत्या, डोळे वटारले असते, पहिल्याच दृश्यात कळलं असतं की हा खुनी आहे. निळूभाऊंचा हिंदुराव पाहुणचार करतो. मनापासून करतो. आपण उभं केलेलं दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान आहे, तो खोटा नाही. या माळरानावर काय होतं आणि मी काय केलं ते बघा, हे तो ज्या सुरात सांगतो तो सूर कर्तबगार माणसाचा आहे. त्याला मास्तरचं खरोखर अप्रूप वाटतं. आपल्यापाशी सगळं आहे, पण असा एक माणूस नाही जो आपल्याला घाबरत नाही, याची त्याला कुठंतरी भूक आहे. म्हणून तो प्रश्न विचारणाऱ्यालाच जवळ बसवून घेतो. हे सगळं संवादांत लिहिलेलं असेल-नसेल, निळूभाऊंच्या बसण्यात ते आहे. ते मास्तरशी बोलताना पुढं झुकतात, आणि आपल्या माणसांशी बोलताना मान वळवण्याचीही तसदी घेत नाहीत. चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा फक्त एवढं बघा, कुणाशी बोलताना त्यांचं अंग कसं वळतं. सत्तेची सगळी उतरंड त्या मानेत दिसेल.

हा माणूस कुठून आला, हे आपल्याला बाहेरच्या कुणी सांगायला नको. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्राचा चेहरा बदलला. आपल्याकडं मुठा उजव्या कालव्याचं पाणी होतंच. ऊस आला, पुढं पाटसला भीमा कारखाना आला, तिकडं शिरूरला न्हावऱ्याचा घोडगंगा आला. कारखान्यांबरोबर शाळा आल्या, रस्ते आले, दवाखाने आले, दूध संघ आले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरानं कॉलेजचं तोंड पाहिलं ते या पैशावर. हे कुणी नाकारू नये. आणि 'सामना'सुद्धा ते नाकारत नाही. तो एवढंच विचारतो की हे सगळं देणाऱ्याला गावानं प्रश्न विचारायचा हक्क ठेवलाय की नाही.

दौंडच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरसमोर रोज हाच महाराष्ट्र येत असणार. उसाच्या फडातून आलेली आई आणि बागायतदाराच्या जीपमधून आलेलं बाळ एकाच बाकावर बसत असतील. डॉ. पटेलांच्या मनात 'सामना' कसा शिरला याचा पुरावा म्हणून मी हे सांगत नाही. पण मुंबईच्या स्टुडिओत बसून ग्रामीण चित्रपट काढणारे आणि दौंडमध्ये राहून काढणारा यांच्यात फरक पडणारच, असं माझं ठाम मत आहे. त्या काळच्या ग्रामीण चित्रपटात गाव म्हणजे फेटे, फड आणि पाटलाची वाईट नजर. 'सामना'तलं गाव लोकांच्या बँकपासबुकातलं गाव आहे. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. साखर कारखान्याच्या अध्यक्षाची गोष्ट जर्मनीतल्या प्रेक्षकाला कळली, कारण निळूभाऊंनी त्याला कुठल्याही देशात सापडेल असा माणूस करून ठेवला होता.

'सामना'नंतर पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, याच मंडळींनी 'सिंहासन' केला. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरची पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू, कामगार पुढारी सतीश दुभाषी. आणि ज्याला सगळा महाराष्ट्र पुढारी म्हणून ओळखत होता त्या निळू फुल्यांना दिग्दर्शकानं पुढारी केलं नाही. त्यांना पत्रकार केलं, दिगू टिपणीस. हा दिगू बोलतो कमी. तो मंत्रालयाच्या जिन्यात, बंगल्यांच्या दिवाणखान्यात, रात्रीच्या रस्त्यांवर नुसता पाहत फिरतो. हिंदुरावमध्ये जे डोळे माणसाला जोखत होते तेच इथं थकून जातात, आणि शेवटी त्याचं हसणं अनावर होतं ते पाहवत नाही. ज्या नटाला एकाच साच्याचा म्हणून हिणवलं गेलं, त्यानं पाच वर्षांत सत्तेचा मालक आणि सत्तेचा साक्षीदार अशी दोन्ही टोकं करून दाखवली. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकात तर ते तिसऱ्या जागी उभे राहिले. मुलगा सत्तेत आणि म्हातारा बाप स्वातंत्र्यलढ्यातला, जुन्या मूल्यांचा. तो बाप त्यांनी केला. ती भूमिका करताना त्यांना सेवा दलातली थोरली माणसं आठवत असणार.

मग साचा कुणी केला? धंद्यानं केला, आणि आपण प्रेक्षकांनीही केला. 'सामना'नंतर निर्मात्यांना हिंदुराव हवा होता, पण मारुती कांबळेचा प्रश्न नको होता. म्हणून त्यांनी धोतर ठेवलं, वाडा ठेवला, बाईवरची वाईट नजर ठेवली आणि राजकारण गाळून टाकलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्षाकाठी कितीतरी चित्रपटांत निळूभाऊ तोच पाटील, तोच सरपंच करत राहिले. उरसा-जत्रेत कनात ठोकून सिनेमे लागायचे तेव्हा बायका पडद्याकडं बघून बोटं मोडायच्या, शिव्याशाप द्यायच्या. प्रत्यक्षात ते गावात आले तरी बायामाणसं अंग चोरून उभी राहायची, हे ते स्वतः सांगत. राजशेखर यांच्यासारख्या गुणी नटाच्याही वाट्याला हेच आलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला प्रक्षेपण मिळालं, आणि आठवड्याचा मराठी चित्रपट घराघरात आला. त्यानं हा साचा आणखी पक्का केला. थिएटरात जाऊन पाहिलेला दुष्ट माणूस तिथंच राहतो; घरच्या टीव्हीवर आलेला जेवताना समोर बसतो.

हिंदीत गेले तिथंही फार वेगळं झालं नाही. 'कुली', 'वो सात दिन', 'मशाल'. पण महेश भट्ट यांच्या १९८४ च्या 'सारांश'कडं मी मुद्दाम लक्ष वेधतो. मुलगा गमावलेलं म्हातारं जोडपं, अनुपम खेर आणि रोहिणी हट्टंगडी, आणि त्यांच्यासमोर राजकारणी गजानन चित्रे म्हणून निळू फुले. हा चित्रे शहरातला आहे, पांढऱ्या कपड्यातला आहे, आणि त्याची दमदाटी गोड आहे. हिंदुराव गाव सोडून मुंबईला गेला असता तर असाच झाला असता.

पडद्यावरची प्रतिमा माणसाच्या आयुष्याचं काय करते, याचं दुसरं टोकही आपल्याच जिल्ह्यात आहे. नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे, तेही डॉक्टरच. २००८ मध्ये स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती' मालिकेत त्यांनी महाराज केले, २०१७ ते २०२० झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी'मध्ये संभाजी महाराज. २०१९ ला आणि पुन्हा २०२४ ला शिरूर मतदारसंघानं त्यांना लोकसभेत पाठवलं. मतांच्या राजकारणात मी शिरत नाही. नट म्हणून मला त्यात दिसतं ते असं की मालिका रोज रात्री अर्धा तास येते, वर्षानुवर्षं येते, आणि तिच्यातला चेहरा घरच्या देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसतो. अशी जागा चित्रपटाच्या नटाला कधी मिळाली नाही. महाराज करणाऱ्याला लोक हात जोडतात, पाटील करणाऱ्याला बोटं मोडतात, आणि दोघांनाही ते ओझं घेऊन बाजारात जावं लागतं. निळूभाऊंच्या कन्या गार्गी फुले-थत्ते 'तुला पाहते रे'मध्ये नायिकेची आई झाल्या, तेव्हा त्याच टीव्हीवर फुले हे आडनाव बायकांच्या जिव्हाळ्याचं झालं. मला त्याचं फार समाधान वाटलं.

आता पैशाची गोष्ट, जी मी सुरुवातीला राखून ठेवली होती. ऐंशीच्या दशकात डॉ. लागू, निळूभाऊ, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. कल्पना अशी की पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्याला महिन्याचं मानधन मिळावं. त्याच्या घरात चूल पेटायला हवी. त्यासाठी नामवंत नटनट्यांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले, मानधन न घेता. शूटिंगच्या तारखा, नाटकांचे दौरे सांभाळून ही माणसं बसमधून हिंडली. लोक तिकीट काढून आले ते पडद्यावरच्या नटांना बघायला, आणि त्यांचा पैसा गेला आदिवासी पाड्यात, झोपडपट्टीत, हमालांत काम करणाऱ्या कुणा कार्यकर्त्याकडं. ज्या चेहऱ्याला लोक घाबरत होते, तोच चेहरा दाखवून निळूभाऊंनी चांगल्या कामासाठी पैसा गोळा केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतही ते उभे राहिले. एवढी लोकप्रियता हाताशी असताना ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. कार्यकर्त्याच्या जागेवर ते खूश होते.

१९९१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, राज्य शासनाचे पुरस्कारही मिळाले. शेवटच्या काळात त्यांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' केला. १३ जुलै २००९ ला पुण्यात, अन्ननलिकेच्या कर्करोगानं ते गेले.

माझं मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. मराठी चित्रपटात खलनायक पुष्कळ झाले, पण सत्तेचा स्वभाव इतका आतून जाणणारा नट दुसरा झाला नाही. तो स्वभाव ते अभिनयाच्या वर्गात शिकले नव्हते. सेवा दलाच्या पथकातून गावोगाव फिरताना, पुढाऱ्यांच्या मागं सतरंज्या घालताना, बागेत साहेबांची हुकमत सोसताना तो त्यांना कळला. म्हणून त्यांच्या वाईट माणसात द्वेष नाही, ओळख आहे. आजच्या मालिकांत लेखक वाईट माणूस लिहितात तेव्हा त्याला संगीत देतात, भुवई देतात, कट देतात. त्याचा धंदा काय, त्याला मतं कोण देतं, त्याच्या ऋणात कोण आहे, हे लिहीत नाहीत. तरुण नट मंडळी इथं बसली असतील तर त्यांना माझं सांगणं आहे की हिंदुरावचा आवाज काढायचा सराव करू नका. तुमच्या गावात आज हळू आवाजात कोण बोलतं ते जाऊन ऐका.

आणि वाचनालयाच्या कार्यकर्त्यांकडं दोन मागण्या आहेत. पहिली, याच सभागृहात लागोपाठ दोन संध्याकाळी 'सामना' आणि 'सिंहासन' दाखवा, आणि दोन्ही दिवशी चित्रपट संपल्यावर लोकांना बोलू द्या. दुसरी मागणी जास्त निकडीची. डॉ. जब्बार पटेलांच्या दौंडमधल्या दवाखान्यात ज्यांनी आपलं लेकरू दाखवलं, ज्यांनी त्यांना संध्याकाळच्या गाडीला जाताना पाहिलं, ज्यांनी 'सामना' पहिल्यांदा लागला तेव्हा इथल्या पडद्यावर पाहिला, अशी माणसं अजून गावात आहेत, पण ती सगळी सत्तरी ओलांडलेली आहेत. या पावसाळ्याच्या आत वहीपेन घेऊन त्यांच्याकडं जा आणि ते सांगतील ते तारखेसह लिहून घ्या.